कुसुम लाल आहे तोवर

अहो, तुम्ही गेल्यापासून मला एक नवी विद्या आली आहे. भेटायला येणाऱ्या बायकांच्या लुगड्याचा काठ पाहून मी सांगू शकते, कोण कुठल्या वाटेनं आलं ते. काठ स्वच्छ असेल तर सडकेनं, ऑटोत बसून. ओला असेल तर तलावाच्या पाळीवरून, उन्हाळी धानाच्या बांध्यांमधून. आणि काठाला कुसळं टोचलेली असतील तर डोंगरीखालच्या पायवाटेनं, वाळल्या गवतातून. पल्याडच्या गावची तुमची मामी आली तेव्हा तिचा काठ कुसळांनी भरलेला होता. ती माझ्या गळ्यात पडून रडत होती, "काहून गेला व माहा भासा, काहून गेला!" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, ही डोंगरीखालून आली, हिला कुसुम दिसला असणार. विचारू का हिला, लाल झाला का म्हणून?

विचारलं नाही. नवऱ्याची तेरवी आत्ता कुठं झाली आणि बाई झाडाची चौकशी करते, असं गावभर झालं असतं. मामीनं डोळे पुसले, कोरा चहा घेतला आणि ती उठली. ती बसली होती तिथं सतरंजीवर गळालेली कुसळं मी एकेक करून वेचली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मास्तरीणबाई, घरात बसून वावर झाडून राहिली का?"

आयुष्यभर तुम्हाला 'अहो' म्हटलं. आता कोणाची भीड आहे, म्हणून एकदा मनातल्या मनात 'अरे' म्हणून पाहिलं. जीभ वळेना. शिवाय मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि भांडायला मला 'अहो'च बरं पडतं.

आपला कुसुम तुम्हाला सांगायची काही गरज नाही. पण सांगितल्याशिवाय तो मला दिसत नाही, म्हणून सांगते. डोंगरीच्या उतारावर, जुन्या बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, वरच्या अंगाला, साग आणि येनाच्या गर्दीत तो उभा आहे. वर्षभर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. फाल्गुन लागतो, सागाची पानं खाली पडून पायाखाली वाजायला लागतात, येन, तेंदू, मोवई सगळे उघडेबोडके होतात, आणि तेव्हा याला पालवी फुटते. एकदम सगळ्या अंगाला, आणि लाल. नाव कुसुम, पण फुलाचा पत्ता नाही, सगळा रंग पानाचा. लग्नानंतरच्या पहिल्या फाल्गुनात तुम्ही मला सायकलवर डबलसीट घेऊन गेलात. "तुले एक दाखवतो," एवढंच बोललात. मी भंडारा शहरातली, भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेली. तांब्याचा हंडा चिंच लावून घासला की पहिल्या पाण्याला जो रंग निघतो, तो अख्ख्या झाडावर होता. मी मान वर करून पाहत राहिले. तुम्ही म्हणालात, "नाई आवडलं?" आणि तुमचा चेहरा इतका पडला की मला हसू फुटलं.

तो रंग टिकतो आठ-पंधरा दिवस. मग शेंदरी होतो, मग पोपटी, आणि मग कुसुम चारचौघांसारखा हिरवा होऊन उभा राहतो. जणू तो मी नव्हेच. म्हणून आपण कधी उद्या जाऊ म्हटलं नाही. स्वाती पोटात होती त्या वर्षी तुम्ही बैल जुंपून खाचरात तणस अंथरून मला नेलं. दुकानात उधारीचं गिऱ्हाईक उभं असायचं आणि तुम्ही शटर ओढून मोकळे व्हायचात. "कुठं चालले?" कोणी विचारलं तर सांगायचात, "पाहुणा आला आहे डोंगरीवर." गावाला वाटायचं याचं डोकं ठिकाणावर नाही. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि आपलं ते भांडण. शाळेच्या पुस्तकात पानगळीचं चित्र होतं. हाताच्या पंजासारखी लाल पानं झाडावर, खाली लाल सडा. एका पोरीनं विचारलं, "बाई, हे झाड आपल्याकडं कोठी आहे?" मला सांगता येईना. घरी आणून तुम्हाला दाखवलं. तुम्ही पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलंत आणि निकाल दिलात, "हे तिकडचं आहे. तिकडं पान मरताना लाल होते, आपल्याकडं जलमताना. तान्हं पोर लाल असते का नाई?" ऐकायला बरं वाटलं. पण तुमचं सगळं बरं वाटून घेतलं तर मी तुमची बायको कसली? मी म्हटलं, "आणि धावडा?" धावडा पौष-माघात तांबडालाल होतो आणि त्यानंतर झडतो. म्हणजे तो मरतानाच लाल. आणि तो काही तिकडचा नाही, आपल्या नाल्याच्या वळणावरचा आहे. तुम्ही म्हणालात, "तो लाल कायचा व, तो विटेचा रंग."

तेव्हापासून माझा धावडा आणि तुमचा कुसुम. तुमच्या बाजूला मोह होता, पिंपळ होता, ज्याला ज्याला तांबूस कोंब फुटतो ते सगळे होते. माझ्या बाजूला एकटा धावडा. बांधाच्या गवतावरूनही आपण भांडलो. तिखाडी थंडीत लालसर होते ती माझी, असं मी म्हटलं, आणि तुम्ही म्हणालात, "गवताले मत नसते." तुमची आई जेवताना वाढता वाढता म्हणायची, "पानाच्या रंगावरून भांडतेत, यायले दुसरं कामच नाई." लोकांच्या घरात भांडण होतं त्यात कोणीतरी दुखावतं. आपल्या भांडणात आपण दोघं ताजे व्हायचो. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते आहे, पण आज काय उपयोग?

या माघात सानगडीचा बाजार करून परत येताना तुम्ही नाल्याच्या वळणावर गाडी थांबवलीत. मी काही म्हटलं नव्हतं. तुम्हीच थांबवलीत. धावडा भर रंगात होता. तुम्ही त्याच्याकडे बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "यंदा हा तुह्या बाजूनं चांगलाच बोलून राहिला."

"मग मान्य का?" मी विचारलं.

"असं रस्त्यावर नाई मानत मी. कुसुम येऊ दे. त्याच्याखाली बसून मिटवून टाकू."

धावडा पुरता झडायच्या आत तुम्ही गेलात. तुम्हाला काही जाणवलं होतं का, हे मी स्वतःला विचारायचं बंद केलं आहे. विचारलं की छातीत कळ येते, आणि त्या कळेचीच मला भीती वाटते. तुमचंही असंच सुरू झालं होतं.

आता ज्याच्यासाठी मला भांडायचं आहे ते सांगते. आपल्या घरात नवरा गेलेली बाई सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. आणि सव्वा महिना सरला म्हणून आपली आपण उठून बाहेरही पडत नाही. तिच्या माहेरचं माणूस यावं लागतं. ते लुगडं आणतं, तिचा हात धरून तिला बाहेर काढतं, मारुतीच्या देवळापर्यंत नेऊन आणतं, मग ती मोकळी. कधीकधी माहेरचे आधीच येतात, मग आधीच सुटका. त्यांच्या येण्यावर सगळं. मी शाळेत पोरींपुढं मोठमोठी भाषणं ठोकणारी बाई. हे मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याला फळ्यापुढं उभं केलं असतं. पण आत्याबाईंनी, तुमच्या आईंनी, स्वतःचं काही म्हटलंच नाही. त्यांनी तुम्हाला पुढं केलं. "त्यानंच सांगतलं होतं ना व वंदना, माहेरचं माणूस आल्याबिगर बाई बाहेर नाई पडत. तुह्यापुढंच सांगतलं होतं."

सांगितलं होतं. माझ्यापुढंच सांगितलं होतं. तुमचे मोठे भाऊ गेले तेव्हा मोठीबाई, माझी थोरली जाऊ, याच मधल्या खोलीत बसली होती. तिच्या माहेरी सख्खं कोणी उरलेलं नाही. सव्वा महिना सरला. आपण समजलो तिचा मावसभाऊ येणार, मावसभाऊ समजला तिचा भाचा येणार, भाचा समजला ती तर कधीच बाहेर निघाली असणार. कोणीच आलं नाही. मोठीबाई बसून राहिली. मी तुमच्या मागं लागले, "तुम्ही काढा ना तिला बाहेर. दिरानं काढलं तर काय आभाळ कोसळेल?" तुम्ही लाखोरीच्या डाळीचे वडे खात होता. खाली मान घालून म्हणालात, "दीर नाई काढत. माहेरचंच लागते. आईले इचार." मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. दोन दिवस आपण बोललो नाही. आपल्या आयुष्यातलं ताजं न करणारं भांडण तेवढं एकच.

मग एक दिवस मोठीबाई आपली आपणच निघाली. धानामागून त्याच ओलीवर पेरलेली लाखोरी कापायला आली होती, माणसं मिळत नव्हती. ती विळा घेऊन बांधीवर येऊन उभी राहिली. तुम्ही तिला पाहिलंत. तुमची निम्मी झालेली पात सोडून तुम्ही तिला दिलीत आणि स्वतः दुसऱ्या टोकाला गेलात. मला वाटलं होतं, या विषयावर आपण कधीतरी बोलू, मी पुन्हा तोंड उघडीन आणि तुम्ही या खेपेला हराल. राहून गेलं. आणि तुमचं ते एक वाक्य घरात राहिलं, माझ्यासाठी.

माझं माहेर म्हणजे प्रशांत. तो पुण्यात. तेरवीला येऊन रडून गेला बिचारा. फोनवर म्हणाला, "ताई, मार्चएंड आहे गं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्याशिवाय साहेब सोडत नाही." मी म्हटलं, "काही घाई नाही." फोन ठेवला आणि खिडकीबाहेरच्या मोहाच्या फांदीकडे पाहत बसले. मार्चएंडला प्रशांतचा साहेब थांबत असेल, कुसुम थोडाच थांबतो?

त्या मोहाच्या फाट्याचं सांगायचं राहिलं. मधल्या खोलीच्या खिडकीतून दिसतं काय? शेजाऱ्यांच्या गोठ्याचं टिन, त्यावर टाकलेली जुनी टायरं आणि टिनावर आलेला मोहाचा एक फाटा. एवढं माझं रान. सकाळी वारा सुटला की वाळली पानं टिनावर पडतात आणि खरखर घसरत पन्हळीत जातात. पहिल्यांदा वाटलं, कोणी पाय घासत येत आहे. तुमची पायताणं अशीच घासायची. मग कळलं, पान आहे. कळल्यावरही रोज सकाळी मी कान देत होते.

हळूहळू फाटा उघडा झाला. शेंड्याला आधी काही नव्हतं, मग एक टोक तांबूस झालं. मी खिडकीच्या गजाला कपाळ लावून पाहत राहिले. मोहाला तांबूस कोंब आला म्हणजे वर डोंगरीवर कुसुमानं तोंड उघडलं. हे तुम्हीच मला शिकवलेलं. आता आठ-पंधरा दिवस. माझा जीव असा काही घाबरा झाला की सांगता सोय नाही. कोणाला सांगणार? स्वाती फोनवर विचारायची, "आई, जेवलीस का? झोप लागते का?" तिला सांगायचं की मला झाड पाहायचं आहे? ती नागपूरहून गाडी करून आली असती आणि आजीशी भांडली असती. शाळेतल्या मॅडम भेटायला आल्या, जाताना हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीसुद्धा हे पाळता?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाराला कोणी कडी लावली नव्हती हो. कडी असती तर बरं झालं असतं, तोडता आली असती. एका दुपारी मी चप्पल पायात सरकवली आणि ओसरीच्या दारात आले. आत्याबाई खाटेवर बसून लाखोरी पाखडत होत्या. त्यांनी मला अडवलं नाही. माझ्या पायाकडे पाहिलं, सूप मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "जातेस त जा बाई. मी कोण तुले अडवणारी? पण माहे दोन लेक गेले. आता घरचं बारीकसं कायबी मोडलं त मले धसका बसते, आता कोणावर येते म्हून. स्वातीचे दिवस भरत आले." आणि त्या पुन्हा पाखडायला लागल्या. दाणे सुपाबाहेर उडत होते.

मी आत गेले. काय करणार होते? माझा यावर विश्वास नाही. त्यांचा आहे, आणि त्यांनी दोन चिता पाहिल्या आहेत. त्यांच्यावर ओरडता येत नव्हतं, प्रशांतवर येत नव्हतं, म्हणून मी तुमच्यावर ओरडले. मनातल्या मनात, उशीत तोंड खुपसून. स्वतः मोकळे झालात आणि तुमचा शब्द दारात बसवून गेलात! कुसुम येऊ दे म्हणणारे तुम्ही, आणि बाई बाहेर नाही पडत म्हणणारेही तुम्हीच. मी यातलं कोणतं पाळायचं? रोज सकाळी तो फाटा थोडा जास्त तांबूस व्हायचा आणि मला वाटायचं, कोणी माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी खाऊन टाकतं आहे. एका सकाळी शेंड्याची पानं हिरवट दिसली. त्या दिवशी मी जेवले नाही. आत्याबाईंना वाटलं, तुमच्या आठवणीनं. खरंच होतं ते.

हे सगळं मोठीबाईनं पाहिलं होतं. ती काही बोलणाऱ्यातली नाही, तुम्हाला माहीत आहे. ती रोज माझं ताट आणायची, घेऊन जायची. त्या दिवशी ताट तसंच परत नेताना तिनं विचारलं, "काय पाह्यते व त्या मोहात रोज रोज?" आणि मी सांगून टाकलं. कुसुमाचं, धावड्याचं, सगळं. मला वाटलं, हसेल. ती फक्त म्हणाली, "अजून लाल असन का?" मी म्हटलं, "दोन-चार दिवस असेल."

परवा दुपारी ती मागच्या दारानं बाहेर पडली. मला वाटलं, तणस आणायला गेली. थोड्या वेळानं पुढच्या फाटकाशी आवाज आला, "आहे का व कोणी घरी?"

मी मधल्या खोलीच्या दारात आले. फाटकाबाहेर मोठीबाई उभी. अंगावर लग्नाकार्यातलं जांभळं लुगडं, डोक्यावर पदर, हातात कापडी थैली. ज्या घरात ती पंचवीस-तीस वर्षं नांदली, त्या घराच्या फाटकात ती परक्यासारखी थांबली होती.

आत्याबाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "काय व मोठे, येडी झाली का? बाहेर काहून उभी?"

"मी मोठी नोहो," मोठीबाई तिथूनच म्हणाली. "मी वंदनाच्या माहेरून आली. तिले बाहेर काढाले."

मला वाटलं, आता काहीतरी होणार. आत्याबाई तिचं जांभळं लुगडं वरपासून खालपर्यंत पाहत होत्या. मोठीबाई उन्हात तशीच उभी. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "माहेरचं माणूस रिकाम्या हातानं नाई येत."

मोठीबाईनं थैलीतून लुगडं काढून दाखवलं. सानगडीच्या बाजारातलं, फिकट हिरव्या रंगाचं, घडीही न मोडलेलं.

आत्याबाई खाटेवरून उठल्या. गुडघ्यावर हात टेकत ओसरीच्या कोपऱ्यातल्या रांजणापाशी गेल्या, तांब्या भरला आणि पायरीवर नेऊन ठेवला. "या, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "पाय धुवा."

अहो, आपल्या सुनेला त्यांनी विहीण म्हटलं. मोठीबाईनं पाय धुतले. दोघी सतरंजीवर समोरासमोर बसल्या. आत्याबाई गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "कसं काय तुमच्याकडं? धान झालं?" आणि मोठीबाई तितक्याच गंभीरपणे सांगते, "बरं झालं. तुडतुड्यानं थोडं नेलं." मला हसावं का रडावं कळेना. तुम्ही हे पाहायला हवं होतं. तुम्हाला वाटायचं या घरात थट्टा करता येते ती फक्त तुम्हाला. आणि ही थट्टाही नव्हती. चहा झाला. मोठीबाईनं लुगडं माझ्या खांद्यावर टाकलं, माझा हात धरला आणि मला उंबऱ्याबाहेर काढलं. आत्याबाई तोंड फिरवून रांजणावर झाकण ठेवत होत्या.

मारुतीला हात जोडले आणि आम्ही परत फिरलोच नाही. तलावाच्या पाळीवरून सरळ डोंगरीकडे निघालो. हापशीवरच्या बायकांनी भांडी भरायची थांबवली. मोठीबाईनं माझा हात सोडला नाही. पाळीखाली उन्हाळी धान हिरवंगार, त्याच्या पलीकडे सगळं करडं. पळसाची फुलं संपत आली होती. कासाचे तुरे झडून नुसत्या काड्या उभ्या होत्या. डोंगरीखाली कुसळाचं गवत आडवं पडलेलं, त्यातून आमच्या काठाला जे काही चिकटायचं ते चिकटलं. सागाच्या पानांवरून आम्ही चाललो तर एवढा आवाज की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. तसं आम्ही बोलतही नव्हतो.

कुसुम लाल होता. खालच्या दोन फांद्या पोपटी झाल्या होत्या, पण वरचा डेरा सगळा लाल. उन्हात पानं एकमेकांवर आपटत होती. मला उशीर झाला नव्हता.

मोठीबाईनं मान वर केली. "याच्याच खालून मोळ्या नेल्या मी," ती म्हणाली. "डोक्यावर मोळी असली म्हंजे मान वर नाई होत."

मी पुढं गेले. बुंध्यापाशी आले. आणि अहो, मी काय केलं सांगू? बुंध्याला वळसा घालून मी पलीकडे जाऊन पाहिलं. तिथं एक दगड होता, तुम्ही नेहमी बसायचा तो. त्याच्यावर पानं पडली होती.

इतके दिवस मी तुमच्यावर रागावले, रडले, तेरवीची पंगत वाढली, तुमचे कपडे नेणाऱ्यांना काढून दिले. सगळं केलं. पण आत कुठंतरी मी पक्कं धरून बसले होते की मी अडकले आहे म्हणून आपली भेट होत नाही. मी आत, तुम्ही बाहेर. तुम्ही कुसुमाखाली बसला आहात, कंटाळला आहात, मी आले की म्हणणार आहात, "किती वाजवले, मास्तरीणबाई?" आडवं काय ते एक दार. आता दार मागं राहिलं होतं, मी वेळेवर पोचले होते, झाड लाल होतं, आणि तुम्ही नव्हता. तुम्ही मेलात हे मला परवा दुपारी कळलं.

माझ्या तोंडून कसला आवाज निघाला ते मला माहीत नाही. मोठीबाई मागून आली. तिनं दगडावरची पानं हातानं बाजूला केली आणि मला बसवलं.

"दिसले नाई ना?" ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"मले बी माहे धनी लाखोरीत नाई दिसले. लोक म्हणत, माहेरचं कोणी आलं नाई म्हून बसली बिचारी. कोणी आलं असतं त मीच म्हटलं असतं, राहू द्या अजून थोडं. मी आत होती तवरी माह्यासाठी ते वावरातच होते व." तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "म्हून तुले आणू का नाई, मले समजत नोतं. पण तू जेवून नोती राहिली."

मी किती वेळ रडले ते तिला विचारा. वरून एखादं पान यायचं, लाल, मऊ, ओलसर, अजून कोवळं. कोवळं पानही गळतं, हे तुमच्या-माझ्या भांडणात कधी आलं नव्हतं. मी ते तुम्हाला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते कोणाच्या बाजूनं धरायचं, हे मला एकटीला ठरवता येईना.

काल दिवसभर मी खोलीतच होते. कोणी बसवलं म्हणून नाही. आज सकाळी आत्याबाई दारात आल्या, म्हणाल्या, "आता काहून बसली? मोकळी झाली तू. जा, कोठी जायाचं तठी जा." दार सताड उघडं होतं. मी उठले, केस नीट केले, चप्पल घातली आणि ओसरीच्या पायरीपर्यंत आले. तिथं उभी राहिले. कुठं जायचं ते मला आठवेना.